हॉर्न दोनदा वाजला

३ जुलै

वर्गात बावीस जण. एकवीस मुलगे आणि मी. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या मुलापेक्षाही मी पंधरा वर्षांनी मोठी. हजेरी घेताना सरांनी माझं नाव वाचलं आणि दाराकडे पाहिलं. त्यांना वाटलं, मी कुणाची तरी आई असेन, सोडायला आलेली. मी बाकावरून हात वर केला.

डिझेल इंजिन आणि अवजड यंत्रांच्या दुरुस्तीचा कोर्स. सहा महिने शाळेत, तीन महिने प्रत्यक्ष यार्डात. इकडे कशा वळलात, असं सरांनी विचारलं. मी सांगितलं, अकरा वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिलाई केली. मशीन बंद पडलं की मेकॅनिक येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं, ते मला जमेना. मग बघून बघून स्वतःच उघडायला लागले. शेवटी शेवटी आमच्या ओळीतली चाळीस मशीनं मीच बघायचे. मग कारखानाच बंद झाला.

सरांनी डिझेल फवारणारा एक नोझल माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, याची भोकं सुईच्या टोकाहून बारीक असतात. मी म्हटलं, सुईशी माझी जुनी ओळख आहे. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. सर हसले नाहीत.

१९ जुलै

हात इतके भरून आलेत की पेन धरवत नाही. चाकाचा नट सुटेना. मुलांनी त्यांचे दोन हिसक्यांत सोडवले. मी पान्याला अक्षरशः लोंबकळले, नट ढिम्म. सरांनी कोपऱ्यातल्या लोखंडी पाइपाकडे नुसतं बोट दाखवलं. मी तो पाइप पान्याच्या दांडीवर चढवला, अगदी टोकाला धरून दाबलं, आणि नट करकरत सुटला. आता ताकदीची चिंता मिटली. पाइप कुठे ठेवतात ते कळलंय.

घरी सासूबाईंनी माझे कामाचे कपडे उचलून वेगळ्या बादलीत टाकले. म्हणाल्या, हे तेलकट प्रकरण माझ्या बादलीत चालायचं नाही. मला वाळीत टाकल्यासारखं झालं. संध्याकाळी बघते तर कपडे धुऊन दोरीवर, कोपरापाशी उसवलेली शिवणसुद्धा घातलेली. ह्यांनीच केलं असणार. विचारलं तर म्हणतात, मी दिवसभर इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होतो. माणूस चांगलं काम करूनही खोटं का बोलतो कोण जाणे.

२८ ऑगस्ट

नापास. शंभरपैकी एकतीस. सरांनी सगळ्यांसमोर वाचले नाहीत, कागद उलटा करून बाकावर ठेवला. त्या उपकाराने जास्तच मेल्यासारखं झालं.

इंजिन समोर असलं की मला सगळं कळतं. पण कागदावर तेच आलं की डोक्यात चिखल होतो. बसमध्ये मनाशी ठरवलं होतं, उद्यापासून जायचं नाही. घरी आले तर हे कणीक मळत होते. सांगितलं. म्हणाले, कुठे अडलं ते मला समजावून सांग, मला काहीच येत नाही, त्यामुळे माझ्यासमोर लाजायचं कारण नाही. मग मी ओट्यावर सहा पेले मांडले, सहा सिलिंडर म्हणून, आणि कुठला कधी पेटतो ते दाखवत बसले. एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. हे पाढ्यासारखं म्हणत कणकेला बुक्के मारत राहिले. पोळ्या उशिरा झाल्या. फेरपरीक्षा दहा दिवसांनी. जाणार आहे.

१४ ऑक्टोबर

फेरपरीक्षेत निभावले, आणि आमच्या गटाने जुळवलेलं इंजिन आज पहिल्या झटक्यात चालू झालं. काळा धूर, मग पांढरा, मग नुसती गरम हवेची थरथर. पोरांनी एकमेकांच्या पाठीत गुद्दे घातले. एकाने माझ्याही पाठीत घातला, मग जीभ चावून "सॉरी काकू" म्हणाला.

एक गोष्ट कळत नाही. आज शेजारीण मिक्सर घेऊन आली, काल वरच्या मजल्यावरचे काका पंखा घेऊन आले होते. मी मशीन दुरुस्त करते हे यांना सांगतंय कोण? मी तर कुणापाशी बोलले नाही. सासूबाईंना तर माझा विषय निघाला तरी उठून जायचं असतं. दुपारभर जिन्यात बसून असतात.

२ जानेवारी

यार्डातला पहिला दिवस. खाणीवरची यंत्रं इथे येतात. लोडर, डोझर, एक्सकॅव्हेटर. एकेक चाक माझ्या खांद्याइतकं. मला मिस्त्रींच्या हाताखाली दिलंय. सत्तावीस वर्षं इथेच आहेत, मॅनेजरसुद्धा त्यांच्याशी उभं राहून बोलतो. तीन महिन्यांनी माझ्या कागदावर त्यांचा शेरा आणि सही हवी. त्याशिवाय प्रमाणपत्र नाही.

ते पाठमोरे काम करत होते. मी नमस्कार म्हटलं. उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. नाही. वळसा घालून समोर जाऊन उभी राहिले तेव्हा केवढे दचकले, आणि माझ्यावरच डाफरले. यार्डात माणसाने समोरून यावं, म्हणाले.

११ जानेवारी

मिस्त्रींचे नियम फार. बोलायचं तर तोंड त्यांच्याकडे करून. इंजिनात डोकं घालून बोललेलं चालत नाही. ऑपरेटरने यंत्राची तक्रार तोंडी सांगायची नाही, फळ्यावर खडूने लिहायची. शिस्तीचा माणूस आहे, मान्य. पण मी काय पाप केलंय? आज चार वेळा विचारलं, तेल काढू का. ते शेजारीच वाकून होते, मान वर केली नाही. बाई नको आहे तर सरळ सांगावं.

स्टोअरमध्ये जाऊन, फिल्टरच्या खोक्यांआड, थोडी रडले. मग तोंड धुतलं. तीन महिने आहेत. रोज समोर जाऊन उभी राहीन. कंटाळून तरी उत्तर देतील.

२० जानेवारी

आज उलटंच घडलं. एक लोडर आला, इंजिन चालू होतं. मिस्त्रींनी मला बोलावलं आणि म्हणाले, "बाई, आवाज सांगा."

मला आधी कळेना. म्हणाले, काय ऐकू येतं ते सांगा, कशासारखं ते सांगा. मी डोळे मिटले. म्हटलं, शिलाई मशीनच्या सुईची दांडी सैल झाली की कसं टकटक होतं, तसं. वरून. वेग वाढवला की टकटकही वाढते. मिस्त्रींनी इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवला, बोटं सरकवत सरकवत एका जागी थांबले. म्हणाले, टॅपेट, तिसरा. झाकण उघडून गेज घालून पाहिलं तर झडप दाबणाऱ्या त्या तिसऱ्या टॅपेटचंच अंतर वाढलेलं.

याला म्हणतात शिकवणं. स्वतःला सगळं कळत असून आधी शिकणाऱ्याकडून वदवून घेतात.

८ फेब्रुवारी

आता रोज तेच. यंत्र आलं की हाक. मी आवाज सांगते, मिस्त्री हाताने शोधतात. कुठल्या आवाजाला काय म्हणायचं याचे आमचे आमचे शब्द ठरलेत. हायड्रॉलिक पंपात हवा शिरली की मी म्हणते, किटली ओरडतेय. बेअरिंग गेलं की जात्यात खडा. त्यांना हे शब्द फार आवडतात. ऑपरेटर चेष्टा करतात, मिस्त्रींनी कान भाड्याने घेतलाय म्हणतात. मी हसून सोडून देते. त्यांना शिकवण्याची पद्धत काय कळणार.

शाळेत शिकवलं होतं की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावायची, आतलं ऐकू येतं. मिस्त्री मूठ दातांत धरतात. जुन्या माणसांच्या जुन्या तऱ्हा.

आज मी एकटीने तेलाचा होज पाइप बदलला. त्यांनी प्रत्येक सांधा हात लावून पाहिला आणि काहीच म्हणाले नाहीत. त्यांच्याकडून म्हणजे शाबासकीच.

२६ फेब्रुवारी

आजचं आजच लिहायला हवं.

जेवणाची सुट्टी. सगळे पत्र्याच्या शेडखाली. मिस्त्री लोडरखाली शिरले होते, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या शाफ्टचे बोल्ट आवळायला. मी आठ-दहा पावलांवर नळापाशी, बादलीत भरून घेतलेल्या पाण्यात फिल्टरची भांडी धूत होते. लोडरचा ऑपरेटर आला. आठ महिन्यांपूर्वी लागलेला, शांत माणूस. लोडर धुवायच्या जागी न्यायचा होता. यार्डाचा नियम आहे: चालू करण्याआधी हॉर्न दोनदा वाजवायचा, कुणी खाली असेल तर ओरडेल. त्याने हॉर्न वाजवला. दोनदा. मी भांडं धूत होते आणि मनात म्हटलं, आता मिस्त्री ओरडतील. ते ओरडले नाहीत. मला वाटलं, निघाले असतील बाहेर. मान वर केली तर त्यांचे पाय दिसत होते.

तेवढ्यात इंजिन चालू झालं.

मी ओरडत धावले. केबिनमध्ये काय ऐकू जाणार. बाजूचं झाकण उघडंच होतं. डिझेल पंपावरची इंजिन बंद करायची दांडी सरांनी पहिल्याच महिन्यात दाखवली होती, ती मी दाबून धरली. इंजिन गचके देत बंद पडलं. मिस्त्रींची बाही शाफ्टने गुंडाळून ओढली होती. कोपरापासून खाली सालटं निघालं, दोन बोटं मोडली. आणखी दोन क्षण गेले असते तर हातच गेला असता. ऑपरेटर खाली उतरला आणि चाकाला टेकून बसला, पांढराफटक.

२७ फेब्रुवारी

चौकशी. मिस्त्रींनी हाताला पट्टी बांधून येऊन सांगितलं, हॉर्न वाजलाच नाही. ऑपरेटर म्हणतो, दोनदा वाजवला. बाकीच्यांनी शेडखाली रेडिओ लावला होता, कुणी ठामपणे सांगत नाही. मॅनेजरचा कल उघड आहे. सत्तावीस वर्षांचा मिस्त्री एकीकडे आणि आठ महिन्यांचा ऑपरेटर दुसरीकडे. ऑपरेटरला काढणार, आणि असा शेरा मारून काढणार की दुसरा कुठला यार्ड त्याला दारात उभा करणार नाही. मला मॅनेजर म्हणाला, तुम्ही जवळ होतात, परवापर्यंत लेखी द्या.

मिस्त्री खोटं का बोलतायत? त्यांनी खोटं बोललेलं मी कधी पाहिलं नाही. दुपारपासून हाच भुंगा डोक्यात.

आणि मग बसमध्ये, खिडकीला डोकं टेकून बसलेली असताना, एकदम सगळं समोर आलं. नमस्कार. फळा. तोंड इकडे करून बोला. आवाज सांगा. दातांत धरलेली मूठ.

ते खोटं बोलत नाहीयेत. त्यांच्यापुरता हॉर्न वाजलाच नव्हता.

दोन महिने मी त्यांच्या शेजारी उभी होते. तिसऱ्या टॅपेटची टकटक ऐकू आली मला, आणि हे नाही.

२८ फेब्रुवारी

लेखी देण्याआधी त्यांना सांगायचं ठरवलं. पाठीमागून कागद नेऊन दिला तर स्वतःच्या नजरेतून उतरले असते. स्टोअरमध्ये ते एकटेच होते. समोर जाऊन उभी राहिले.

"मिस्त्री, हॉर्न वाजला होता. दोनदा. मी ऐकला."

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. तेही आजच ध्यानात आलं, ते कायम ओठांकडेच बघतात. मग म्हणाले, "तुम्हाला कधी कळलं?"

"काल."

"मग मेकॅनिक म्हणून तुम्ही कच्च्या आहात, बाई. बायकोला पहिल्या आठवड्यात कळलं होतं."

आम्ही दोघंही हसलो, आणि ते हसू मधेच तुटलं. चार वर्षं झाली, म्हणाले. आधी उजवा, मग डावा. कळलं तर उद्या घरी बसवतील. या वयात दुसरीकडे कुठे जाणार? ऑपरेटर तिशीचा आहे, त्याला चार दारं आहेत. तुम्ही फक्त इतकंच लिहा, की पाण्याच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. खोटंही नाही ते फारसं.

मी म्हटलं, नळ बंद होता.

त्यांनी खोक्यांकडे तोंड फिरवलं. त्यांनी पाठ केली की बोलून उपयोग नाही, हे आता मला माहीत होतं. बाहेर आले.

१ मार्च

रात्री ह्यांना सगळं सांगितलं होतं. हे म्हणाले, सही त्यांची हवीय ना तुझ्या कागदावर? म्हटलं, हो. सासूबाई दारातून म्हणाल्या, "त्या ऑपरेटरच्या घरीही कुणी वाट बघत असेल." आणि आत गेल्या. त्या ऐकत होत्या हे मला माहीतच नव्हतं.

मला नऊ महिने डोळ्यांपुढे दिसत होते. एकतीस मार्क, तो नट, ते पेले. शिकवलं त्या माणसाच्या पोटावर पाय द्यायचा, हा विचार तर सोसवत नव्हता. मिस्त्री वाईट असते तर किती सोपं झालं असतं.

सकाळी लिहून दिलं. जे ऐकलं, जे पाहिलं, तेवढंच. हॉर्न दोनदा वाजला. मी नळापाशी होते, नळ बंद होता. मिस्त्रींना ऐकू आला नाही. त्यांच्या कानांची तपासणी व्हावी. ऑपरेटरने नियम पाळला, पण वाकून पाहिलं नाही. पायही दिसत होते आणि झाकणही उघडं होतं. मी स्वतः हॉर्न ऐकूनही मान उशिरा वर केली. हे तिन्ही लिहिलं. खाली सही केली.

९ मार्च

मिस्त्रींना तपासणीसाठी पाठवलंय. ऑपरेटरला ताकीद देऊन ठेवून घेतलं. मिस्त्री जाण्याआधी शेडखाली म्हणाले म्हणे, बाईला माझी जागा हवीय. दोघातिघांना ते पटलंय. मी गेले की बोलणं थांबतं. माझा पाना दोनदा हरवला, दोनदा मातीत सापडला.

त्यांचं ते वाक्य ऐकून मला रडू आलं नाही, राग आला. रागात दोन डोझरचे फिल्टर बदलले, एक रेडिएटर उतरवला, एक्सकॅव्हेटरच्या सिलिंडरचं सील घातलं. कुणी मदतीला आलं नाही. पाइप होता.

मॅनेजरपाशी गेले. म्हटलं, मिस्त्रींना घरी बसवू नका. पंप आणि नोझलचं टेबल आतल्या खोलीत आहे, तिथे यंत्रं चालत-फिरत नाहीत. त्यांच्यासारखा हात अख्ख्या यार्डात कुणाला नाही. मॅनेजर म्हणाला, तुमच्याविषयी ते काय बोलले, कानावर आलं नाही का? म्हटलं, आलं. ते वेगळं, हे वेगळं. बघू म्हणाला.

२२ मार्च

मिस्त्री आले. दोन्ही कानांत ऐकायची यंत्रं, मोडलेली बोटं अजून बांधलेली. दुपारपर्यंत यंत्रं काढून खिशात घातली. म्हणाले, इतका गोंगाट असतो होय इथे, तुम्ही लोक वेडे कसे होत नाही. शेडखाली हशा पिकला. त्यांना आतल्या टेबलावर बसवलंय. मला पाहून मान वळवली.

घरी येऊन हे सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, चार दिवस वळवेल. त्यांना इतक्या गोष्टी कशा कळतात?

३१ मार्च

शेवटचा दिवस. कागद घेऊन आतल्या खोलीत गेले. टेबलावर नोझल सुटा करून मांडलेला, डाव्या हाताने काम चाललं होतं. समोर उभी राहिले. कागद ठेवला. ते वाचत बसले, जणू कुणी परक्याने आणलेला.

मग डाव्या हाताने, मुंगीच्या चालीने लिहिलं. वेग: मंद. स्वच्छता: ठीक. दोष ओळखणं: माझ्यापेक्षा बरं. शेऱ्याच्या जागी पेन थांबलं.

"माझ्याविषयी लिहिलंत तेव्हा इतकाच वेळ लागला होता का?"

"अख्खी रात्र लागली," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि लिहिलं: हिला एकटीला यंत्र द्यायला हरकत नाही. सही केली. कागद माझ्याकडे सरकवताना म्हणाले, "मी तुझ्याविषयी शेडमध्ये बोललो ते चुकलं." तीन महिन्यांत पहिल्यांदा अहो-जाहो सुटलं. मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, नोझलवर धूळ उडेल, निघ.

१२ एप्रिल

यार्डाने ठेवून घेतलं. खाकी शर्ट मिळाला, दोन मापं मोठा. तो टीप मारून लहान करायला सासूबाईंनी स्वतःहून मागून घेतला. कधीपासून शिवायला लागल्या?

आज पहिलं एकटीचं काम. लोडर, तोच, आणि तोच ऑपरेटर. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी धड बोललो नव्हतो. शाफ्टच्या सांध्याला खडखड होती, खाली शिरावं लागणार होतं. मी पोत्याचा तुकडा अंथरत होते. पाठ जमिनीला टेकवायला मन घेत नव्हतं, खोटं कशाला लिहू. त्या बाहीची आठवण येत होती.

ऑपरेटर केबिनमधून उतरला. बॅटरीचा मेन स्विच फिरवून बंद केला, मग चावी काढून माझ्यापुढे धरली.

"काम होईपर्यंत ही तुमच्या खिशात राहू दे."

नियमात हे नाही. मी चावी घेतली, खिशाचं बटण लावलं आणि खाली शिरले. काम दीड तास चाललं. मधे दोनदा त्याने वाकून विचारलं, पाणी हवंय का. बाहेर आल्यावर चावी परत दिली. त्याने हॉर्न दोनदा वाजवला, मग खाली उतरून लोडरभोवती एक चक्कर मारली, वाकून पाहिलं, आणि मगच चालू केला.

संध्याकाळी मॅनेजरच्या टेबलावर नवा नियम लिहून ठेवला: जो खाली शिरेल, चावी त्याच्या खिशात. त्याने वाचून लगेच फळ्यावर लावायला सांगितलं. खडू माझ्याच हातात दिला.